फळीवरचा अखेरचा हात

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या कांठीं राहणाऱ्या लोकांना समुद्र दूरचा. जळगांवाहून काय किंवा धुळ्याहून काय, लाटेचें दर्शन घ्यावयाचें तर एक तर घांट उतरून मुंबई गांठावी लागते, नाहीं तर तापीच्या ओघाबरोबर पश्चिमेस सुरतेपर्यंत जावें लागतें. तेव्हां फळीवर उभा राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे धांवत येणाऱ्या माणसाचें चित्र खानदेशांतील श्रोत्यांस परकें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. तथापि ज्या फळीवर तो माणूस उभा असतो, तिच्या घडणीचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे त्यांत ओळखीच्या अनेक वस्तु भेटतात. सातपुड्यांतील पांगाऱ्याचा एक भाऊबंद तेथें आहे. रावेर-यावलच्या बागांतून दिसणारा केळफुलाचा काळा डाग तेथें आहे. आणि जवसाच्या तेलाप्रमाणें हवा लागून घट्ट होणारें तेल तर तेथें अगदीं पहिल्यापासून आहे.

या फळीला जगांत सर्फबोर्ड म्हणतात. तिचा आकार कसा बदलत गेला आणि तिच्यावर कोणीं कोणते पराक्रम केले, यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु आकार दिल्यावर तिला घोटून, रंगवून, वरून तेलाचा किंवा रोगणाचा अखेरचा हात कोणीं दिला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लांकडाचा मोठा शत्रु पाणी, आणि ही फळी तर आयुष्यभर पाण्याशींच खेळावयाची. सुतारानें कितीही कसब खर्च केलें, तरी अखेरचा हात कच्चा राहिला कीं फळी पाणी पिते, जड होते, तडकते आणि कुजते. हा अखेरचा हात एके काळीं फळीच्या मालकाच्या घरचा होता. पुढें तो कारखान्याकडे गेला. आणि आतां कांहीं ठिकाणीं तो पुन्हां घरीं परत येत आहे. या येरझारेची ही हकीकत आहे.

प्रशांत महासागराच्या मध्यभागीं हवाई बेटें आहेत. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक १७७८ च्या जानेवारींत तेथें पोहोंचला, आणि पुढच्याच वर्षीं, १४ फेब्रुवारी १७७९ रोजीं, केआलाकेकुआ उपसागराच्या कांठीं झालेल्या झटापटींत मारला गेला. त्याच्या सफरींतील लेफ्टनंट जेम्स किंग यानें फळ्यांच्या साह्यानें लाटांवर स्वार होणाऱ्या बेटवासीयांचें वर्णन लिहून ठेविलें. तें १७८४ सालीं सफरीच्या ग्रंथांत छापलें गेलें. गोऱ्या लोकांनीं हा खेळ प्रथम पाहिला, तेव्हां तो तेथें पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. राजा, सरदार आणि रयत, पुरुष आणि स्त्रिया, सारेच तो खेळत.

फळीसाठीं तीन झाडें मुख्य मानीत: कोआ; उलु, म्हणजे कोंकणांत ज्याला नीरफणस म्हणतात त्याच्या जातीचें झाड; आणि विलिविलि. यांतील विलिविलि व आपला पांगारा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें एरिथ्रिना या एकाच वंशांतले. पानें झडून लालभडक फुललेला पांगारा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना त्याचें लांकूड किती हलकें आणि मऊ असतें हेंही ठाऊक असेल. सावंतवाडीच्या कारागिरांनीं लांकडी फळें व खेळणीं करण्यासाठीं तेंच निवडिलें, कारण तें सहज कोरतां येतें. हवाईच्या सरदारांनीं आपल्या 'ओलो' नांवाच्या अतिशय लांब फळीसाठीं विलिविलि पसंत केला, तो त्याच्या हलकेपणासाठींच. रयतेची फळी आंखूड व पातळ असे. तिला 'अलाइआ' म्हणत.

होनोलुलू येथें टॉमस थ्रम नांवाचा गृहस्थ हवाईची माहिती देणारें एक पुस्तक दरसाल काढीत असे. १८९६ च्या पुस्तकांत कोना भागांतील एका बेटवासीयानें सांगितलेली फळी करण्याची जुनी कृति आली आहे. झाड निवडल्यावर त्याच्या बुंध्याशीं कुमु नांवाचा तांबडा मासा ठेवीत. झाड पाडलें कीं मुळाशीं खड्डा करून प्रार्थनेसह तो मासा त्यांत अर्पण करीत. मग वाकसानें दोन्ही बाजूंनीं तासून फळीचा ढोबळ आकार काढीत आणि ती समुद्रकांठच्या होड्यांच्या मांडवांत आणीत. खरें चिकाटीचें काम येथून पुढें सुरू होई. वाकसाचे घाव पोंवळ्याच्या खरखरीत तुकड्यानें किंवा खडबडीत दगडानें घांसून नाहींसे करीत. घोटून गुळगुळीत झालेल्या अंगावर मग रंग चढे. 'की' नांवाच्या झाडाची मुळी, 'कुकुइ' झाडाच्या सालीचा कुटून काढलेला रस, कुकुइच्या जळक्या बियांची काजळी, किंवा केळफुलाचा रस, यांपैकीं जें हाताशीं असेल तें लावून फळीला काळी छटा आणीत; आणि सर्वांत शेवटीं कुकुइच्या बियांचें तेल चोळून तिला तुळतुळीत करीत.

केळफुलाचा चीक हाताला वा धोतराला लागला म्हणजे किती काळा पडतो आणि धुऊनही कसा निघत नाहीं, हें रावेर, यावल, चोपडें या बाजूच्या बागाइतदारांस सांगावयास नको. येथें जो डाग म्हणून नकोसा होतो, तोच तेथें रंग म्हणून उपयोगीं पडे. कुकुइ म्हणजे जंगली अक्रोड. त्याच्या बिया इतक्या तेलकट असतात कीं, काडीवर ओंवून पेटविल्या तर दिव्याप्रमाणें जळतात. या तेलाचा विशेष गुण समजण्यासाठीं दूर जावयास नको. शेंगदाण्याचें तेल लांकडास चोळलें, तर तें दिवसेंदिवस चिकटच राहतें आणि धूळ धरतें. जंगली अक्रोडाचें किंवा जवसाचें तेल मात्र हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन हळूहळू घट्ट होतें आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. रंगाच्या दुकानांत 'बेलतेल' म्हणून जें मिळतें, तें उकळलेलें जवसाचें तेलच. हवाईच्या लोकांजवळ रसायनशास्त्र नव्हतें. परंतु कोणतें तेल लांकडावर टिकतें आणि कोणतें टिकत नाहीं, हें त्यांच्या बोटांना कळलेलें होतें.

त्या कृतींतील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फळी पहिल्यानें पाण्यांत घालण्यापूर्वीं प्रार्थना होई. परंतु अखेरचा हात तेथें संपत नसे. प्रत्येक खेळानंतर फळी चांगली वाळवून, तिला तेल चोळून, झाडाच्या सालीपासून केलेल्या 'कापा' नांवाच्या वस्त्रांत ती गुंडाळीत आणि घरांत टांगून ठेवीत. म्हणजे फळीची निगा हा खेळाचाच एक भाग होता. जो लाटेवर जाई, त्याला आपल्या फळीवरील प्रत्येक चीर माहीत असे. कारण रोज तिच्यावरून हात फिरे.

हा सारा व्यवहार एकोणिसाव्या शतकांत मोडला. १८२० सालीं अमेरिकन मिशनरी बेटांवर आले. या खेळाबरोबर चालणारी पैज, आणि स्त्रीपुरुषांचें उघड्या अंगानें एकत्र खेळणें, त्यांना रुचलें नाहीं. परंतु त्याहून मोठा घाला बाहेरून आलेल्या रोगांनीं घातला. १८४८ त गोवर आणि १८५३ त देवी यांनीं वस्त्या ओस पाडल्या. १८९० च्या खानेसुमारींत शुद्ध व मिश्र वंशाचे मिळून जेमतेम ४०,००० हवाईयन उरले होते. लाटा होत्या तशाच राहिल्या. परंतु फळी तासणारे, घोटणारे आणि तेल चोळणारे हात गेले. हाताची विद्या पुस्तकांत पुरती उतरत नाहीं. ती एका पिढीनें दुसऱ्या पिढीच्या हातीं दिली नाहीं, तर तिचा शेवट होतो. या खेळाच्या बाबतींत तसा शेवट होण्याची वेळ आली होती.

तरीही ठिणगी विझली नाहीं. १८८५ सालीं हवाईच्या राजघराण्यांतील डेव्हिड कावानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुइ व जोना कुहिओ हे तिघे भाऊ कॅलिफोर्नियांत शिकत होते. त्यांनीं सांताक्रूझ येथील रेडवुडच्या लांकडाच्या फळ्या आपल्या देशच्या घाटाच्या करविल्या आणि सान लोरेन्झो नदीच्या मुखाशीं त्या लाटांवर चालविल्या. पुढें होनोलुलूचा जलतरणपटु ड्यूक काहानामोकु यानें १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटरच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. तो ऑस्ट्रेलियास गेला, तेव्हां त्यानें सिडनींत मिळालेल्या पाईनच्या लांकडाची फळी स्वतः घडविली आणि १९१४-१५ च्या तेथील उन्हाळ्यांत फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांस हा खेळ दाखविला. ती फळी तेथील जीवरक्षकांच्या क्लबानें अद्याप जपून ठेविली आहे.

जुन्या विद्येचा तुटलेला धागा पुन्हां हातीं लागला, तो एका पदार्थसंग्रहालयांत. होनोलुलूचें बिशप म्यूझियम १८८९ सालीं राजकन्या बर्निस पौआही हिच्या स्मरणार्थ तिच्या पतीनें स्थापिलें. तिचा पिता आबनेर पाकी हा मोठा सरदार असून लाटेवरील फळीचा शोकी होता. त्याच्या सुमारें पंधरा पंधरा फूट लांबीच्या दोन फळ्या या संग्रहालयांत होत्या. टॉम ब्लेक नांवाच्या अमेरिकन तरुणानें १९२६ च्या सुमारास संग्रहालयाच्या परवानगीनें अशा जुन्या फळ्यांची डागडुजी केली. जुनी वस्तु दुरुस्त करतांना ती कशी झाली असेल हें उलगडत जातें, तसेंच येथें झालें. ब्लेकनें त्या घाटाची नवी फळी करावयास घेतली. परंतु भरीव लांकूड फार जड होई, म्हणून त्यानें त्यांत शेंकडों भोंकें पाडून ती वाळूं दिली आणि मग दोन्ही बाजूंनीं पातळ लांकडाचा पापुद्रा चढवून भोंकें बंद केलीं. या पोकळ फळीवर त्यानें १९२८ त कॅलिफोर्नियांतील सामना जिंकला, आणि १९३२ त पोकळ फळीचें पेटंट त्याला मिळालें.

पोकळ फळीनें एक नवा प्रश्न उभा केला. भरीव फळींत चीर पडली तर ती थोडें पाणी पिई; पोकळ फळींत चीर पडली तर ती पाण्यानें भरूनच जाई. म्हणून तेलाच्या जागीं जहाजावर वापरीत तें घट्ट व्हार्निश आलें. सुकणारें तेल आणि राळ एकत्र शिजवून हें रोगण करीत. आपल्याकडे टेबलखुर्चीस लाखेचें पॉलिश देतात, तें दिसावयास सुरेख. परंतु त्यावर ओला पेला ठेविला कीं पांढरा डाग उमटतो. समुद्राच्या पाण्यांत त्याचा निभाव लागत नाहीं. जहाजी व्हार्निश लवचिक असल्यामुळें लांकूड फुगलें वा आवळलें तरी लवकर तडकत नाहीं. त्याचे एकावर एक पातळ हात द्यावयाचे, आणि दोन हातांमध्यें वाळूं देऊन कांचकागदानें हलकेच घांसावयाचें, ही पद्धत त्या काळीं रूढ झाली.

याच सुमारास फळी कारखान्यांत शिरली. लॉस एंजलिसमधील पॅसिफिक सिस्टिम होम्स ही मूळची घरें बनविणारी कंपनी. १९३० च्या सुमारास ती विक्रीसाठीं फळ्या करूं लागली. बाल्सा व रेडवुडच्या पट्ट्या जोडून, वर व्हार्निश देऊन तयार झालेल्या या फळ्यांवर ती शुभचिन्ह म्हणून स्वस्तिक उमटवी आणि त्याच नांवानें त्या विकी. हिटलरच्या राजवटीनें त्या चिन्हास दुष्कीर्ति आणिली, तेव्हां १९३८ च्या सुमारास कंपनीनें तें नांव सोडून दिलें. मात्र कारखान्याची फळी प्रत्येकास परवडत नसे. त्यामुळें १९३७ सालीं 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकांत ब्लेकनें पोकळ फळी घरीं कशी करावी याचे नकाशे दिले, तेव्हां ते अनेकांच्या उपयोगीं पडले. अंगणांत, पडवींत, गाडीखान्यांत मुलें स्वतः फळ्या जोडूं लागलीं आणि त्यांना व्हार्निशचे हात देऊं लागलीं. कारखाना आणि घर अशा दोन वाटा येथून बरोबरीनें चालूं लागल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धकाळांतील दोन नव्या वस्तु बाजारांत आल्या: काचेच्या तंतूंचें कापड, म्हणजे फायबरग्लास, आणि पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे कारखान्यांत बनलेली द्रवरूप राळ. बाल्साच्या हलक्या फळीवर हें कापड पसरून त्यांत रेझिन मुरविलें, म्हणजे वर कवचासारखा थर बसे. १९५८ त कॅलिफोर्नियांतील होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनीं लांकूडही बाजूला सारून पॉलियुरेथेनच्या घट्ट फेसाचे गाभे काढण्यास आरंभ केला. पूर्वीं शंभर पौंडांच्या घरांत जाणारी फळी आतां पोरेंही कांखेंत मारून नेऊं लागलीं. हा लाभ लहान नव्हता. त्यामुळेंच हा खेळ जगभर पसरला आणि टोकियोच्या, २०२१ त झालेल्या, ऑलिंपिकमध्यें त्याला प्रथम स्थान मिळालें. भारताच्या किनाऱ्यावरही तो आला असून कर्नाटकांतील मुल्की गांव त्यासाठीं प्रसिद्ध झालें आहे.

या नव्या फळीच्या अखेरच्या हाताचें तंत्र मोठें चमत्कारिक आहे. फेसाच्या गाभ्यावर रंग द्यावयाचा तो कवचाच्या आधीं, पाण्यांत कालविलेल्या ऍक्रिलिक रंगाचे अगदीं पातळ हात देऊन. त्यावर कापड आणि रेझिन. हें पहिलें रेझिन मुद्दाम असें असतें कीं, हवेच्या स्पर्शामुळें त्याचा वरचा भाग चिकट राहतो, म्हणजे पुढचा थर त्याला घट्ट धरतो. पुढच्या रेझिनमध्यें थोडें मेण घालतात. तें मेण वर येऊन हवा अडवितें, म्हणून हा थर कठीण होतो व घांसतां येतो. मग जाड दाण्याच्या कागदापासून बारीक दाण्याच्या कागदापर्यंत क्रमाक्रमानें घांसून शेवटीं झिलईचा हात देतात. पोंवळ्याचा तुकडा गेला आणि कागद आला; क्रम मात्र तोच राहिला.

तयार फळी घरीं रंगविणाऱ्याला आजही तोच क्रम पाळावा लागतो. प्रथम जुनें मेण पुसून काढावें लागतें. खोंच पडली असेल तर आंतील पाणी पूर्ण वाळवून ती बुजवावी लागते, नाहीं तर पाणी रंगाखालीं कोंडून राहतें. मग अंग हलकेंच घांसून, धूळ पुसून, पातळ रंग आणि वर पातळ पारदर्शक थर. घाईनें जाड रंग थापला तर फळीचें वजन वाढतें आणि रंग पापुद्र्यानें निघतो. गडद रंगाची हौस आणखी महाग पडते. काळी फळी उन्हांत इतकी तापते कीं, आंतला फेस फुगून कवच सुटतें. बहुतेक फळ्या पांढऱ्या दिसतात त्यांचें कारण हेंच. आणि मे महिन्यांत ज्या जळगांवीं पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, तेथील माणसास हें पटण्यास वेळ लागणार नाहीं. गाभा कोणत्या जातीचा आहे, हेंही आधीं पाहावें लागतें. थर्माकोलच्या जातीच्या फेसावर पॉलिएस्टर रेझिन घातलें तर तें फेसच विरघळून टाकतें; तेथें इपॉक्सी रेझिन लागतें.

या रसायनांची किंमत केवळ पैशांत मोजतां येत नाहीं. पॉलिएस्टर रेझिनमधून निघणारी स्टायरीनची वाफ डोळ्यांस व घशास झोंबते, काचतंतूंची धूळ फुप्फुसांस बाधक असते, आणि रेझिन घट्ट करण्यासाठीं घालतात तें द्रव्य डोळ्यांत गेलें तर दृष्टीस धोका संभवतो. म्हणून मुखवट्यावांचून किंवा कोंडलेल्या खोलींत हें काम करणें शहाणपणाचें नव्हे. केळफुलाच्या रसानें हात काळे होत. या रसायनांनीं श्वास काळा होऊं शकतो.

कारखान्यावर सर्वस्वीं विसंबण्याचा दुसरा धोका ५ डिसेंबर २००५ रोजीं दिसला. अमेरिकेंतील बहुतेक फळ्यांना फेसाचे गाभे एकटा क्लार्कचा कारखाना पुरवीत होता. त्या दिवशीं तो त्यानें एकाएकीं बंद केला. गाभ्यांच्या किंमती भडकल्या आणि शेंकडों कारागिरांचे हात रिकामे राहिले. नवे पुरवठेदार पुढें आले, व्यवहार सांवरला; परंतु सारा धंदा एका दारावर किती अवलंबून होता, हें सर्वांस कळून चुकलें.

त्याच काळांत ऑस्ट्रेलियांत टॉम वेगनर नांवाच्या कारागिरानें बिशप म्यूझियममधील जुन्या अलाइआ फळ्यांपासून स्फूर्ति घेऊन तशा पातळ लांकडी फळ्या पुन्हां करण्यास आरंभ केला. पॉलोनिया नांवाच्या हलक्या लांकडाची ही फळी काचतंतूंच्या कवचावांचून चालते. तिला अखेरचा हात असतो तो जवसाच्या तेलाचा. हें तेल घरीं लावतां येतें. पुसट झालें तर पुन्हां लावतां येतें. सावधगिरी एकच: तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवूं नये, कारण तेल घट्ट होतांना उष्णता निघून त्या आपोआप पेटूं शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्या.

अशा रीतीनें सव्वादोनशें वर्षांनीं अखेरचा हात फिरून तेलापाशीं आला. यावरून कारखाना वाईट आणि जुनें तेवढें चांगलें, असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. फेसाच्या फळीनें लाखों लोकांस लाटेपर्यंत नेलें, हें तिचें उपकार आहेत. परंतु पाकीच्या फळ्या संग्रहालयांत जपल्या गेल्या नसत्या, आणि कोणा तरुणानें त्यांवरून पुन्हां हात फिरविला नसता, तर ओलो आणि अलाइआ हीं केवळ कोशांतलीं नांवें उरलीं असतीं. वस्तु विकत घेतां येते; तिची ओळख विकत मिळत नाहीं. ती घोटतांना, रंगवितांना आणि वाळण्याची वाट पाहतांना होते. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाच्या शिंगांना रंग देणाऱ्या शेतकऱ्यास हें निराळें सांगण्याचें कारण नाहीं. शिंगें रंगवितांना बैलाच्या मानेवरील जूं घांसल्याची खूण त्याच्या नजरेस पडते, आणि दुसऱ्या दिवशीं तो जूं नीट करून घेतो.